स्थिर देह, उसळता देह : रामनगरची वेशभूषा आणि जिम्नॅस्टचा लिओटार्ड

१. प्रस्तावना

वेशभूषेबद्दल लिहायला बसलो की आपण बहुतेक वेळा रंग, चमक आणि ‘पोशाख उठून दिसतो’ एवढ्यावरच थांबतो. तो कसा बेतला आहे, तो घालून शरीराला काय करायचे आहे आणि त्याच्यावरची सजावट त्या कामात मदत करते की आडवी येते, हे प्रश्न मागे राहतात. त्यामुळे आपली समीक्षा कौतुकाच्या किंवा नापसंतीच्या दोन ओळींवर संपते.

या घटकात आपण दोन पोशाख शेजारी ठेवून पाहणार आहोत. पहिला वाराणसीसमोरच्या रामनगरातील रामलीलेत राम, सीता आणि तीन भाऊ होणाऱ्या मुलांचा. दुसरा जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीचा, म्हणजे लिओटार्ड. दोन्ही पोशाख कोवळ्या वयाच्या मुलामुलींच्या अंगावर असतात, दोन्ही चमकतात आणि दोन्ही लांब बसलेल्या प्रेक्षकांसाठी सजवलेले असतात. तरीही एकासाठी जे योग्य, ते दुसऱ्यासाठी चूक ठरते. असे का होते, ते समजून घेतले की सजवलेल्या कोणत्याही पोशाखाकडे पाहण्याची एक कसोटी आपल्या हाती येते.

२. रामनगर : दर्शनासाठी सजवलेला देह

रामनगर हे काशीनरेशांचे गाव. गंगेच्या पलीकडच्या तीरावरचा तेथील किल्ला अठराव्या शतकाच्या मध्याला बळवंतसिंहांनी बांधला. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जनाला निघतात, त्याच दिवशी रामनगरची रामलीला सुरू होते आणि कोजागिरीच्या सुमारास संपते. सुमारे महिनाभर चालणारी ही लीला एका रंगमंचावर होत नाही. अयोध्या, जनकपूर, लंका अशी स्थळे गावात आणि गावाबाहेर ठरलेली आहेत, आणि प्रेक्षक लीलेबरोबर चालत जातात. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. अंधार पडल्यावर उजेड येतो तो मशालींचा आणि पेट्रोमॅक्सचा. भारतातील रामलीला परंपरेची २००८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, तेव्हा रामनगरचे नाव ठळकपणे पुढे आले.

राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता या पाचही भूमिका ब्राह्मण घरांतली, आवाज न फुटलेली मुले करतात. त्यांना ‘स्वरूप’ म्हणतात. डोक्यावर मुकुट चढला की ती मुले नट राहत नाहीत, त्यांच्यात देवाचे अस्तित्व मानले जाते. जरीचे भारी कपडे, दागिने, चेहऱ्यावर चंदन आणि टिकल्यांची नक्षी असा त्यांचा शृंगार असतो. पुष्कळदा त्यांना खांद्यावरून नेले जाते. दिवसाची लीला संपताना आरती होते. त्या वेळी पाचही स्वरूपे निश्चल असतात, महताबीचा प्रखर उजेड पडतो आणि जमलेला समुदाय दर्शन घेतो.

आता समीक्षकाच्या नजरेने या पोशाखाकडे पाहा. तो जड आहे, ताठ आहे, त्यात धावता येणार नाही. पण हा त्याचा दोष नाही. त्या मुलाने काही क्षण मूर्ती व्हावे, अशीच तेथे अपेक्षा आहे. कापडाचा ताठपणा त्याला हलण्यापासून रोखतो आणि त्याच वेळी दर्शनाला मदत करतो. टिकली लहान आहे, पण हलत्या ज्योतीच्या उजेडात ती लुकलुकते आणि दूरवर बसलेल्या माणसालाही चेहऱ्याची जागा कळते. चमक ज्योतीची आणि शरीर स्थिर, अशी ही वाटणी आहे. सजावट आणि शरीराचे काम यांचा येथे पूर्ण मेळ आहे, म्हणून ही वेशभूषा यशस्वी आहे.

या यशाला कापडाची एक बाजूही आहे. बनारस परिसरात जरदोजीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कारागीर मखमल किंवा रेशीम लाकडी चौकटीवर, म्हणजे कारचोबावर, घट्ट ताणून बांधतो. मग आरीने किंवा सुईने सलमा, सितारे, टिकल्या त्यावर बसवतो. काम संपले की कापड चौकटीवरून सुटते, पण आकाराने फारसे बदलत नाही, कारण ते मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. चौकटीवर काढलेला मोर अंगावरही तोच मोर राहतो. म्हणून जरदोजीत सजावट आधी आणि शिवण नंतर, असा क्रम चालू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे नेमकी हीच गोष्ट उलटणार आहे.

३. लिओटार्ड : मापापेक्षा लहान बेतलेले कापड

लिओटार्ड हे नाव झ्यूल लेओतार या फ्रेंच झुला-कसरतपटूवरून पडले. १८५९ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत त्याने झुल्यावरची कसरत लोकांसमोर आणली. हालचालीत काही अडकू नये आणि शरीराची रेषा लोकांना दिसावी, म्हणून तो अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालत असे. म्हणजे या वस्त्राचा जन्मच हालचालीच्या गरजेतून झाला आहे.

आजचा लिओटार्ड नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि लवचीक स्पॅन्डेक्स धागा यांच्या होजिअरी कापडाचा असतो. होजिअरीत धागा फासा टाकत गुंफलेला असतो, त्यामुळे ती ताणली जाते आणि सोडली की पुन्हा मूळ जागी येते. या कापडाचा नमुना बेतण्याची रीत नेहमीच्या ब्लाउज किंवा शर्टाच्या उलट आहे. शर्ट बेतताना आपण मापात थोडा सैलपणा धरतो. लिओटार्ड बेतताना माप कमी धरावे लागते. छाती ७० सेंमी असेल, तर कागदी नमुना एकूण ६३ सेंमीचाच ठेवता येतो, उरलेले अंतर कापड ताणून भरून काढते. किती कमी करायचे, हे त्या कापडाच्या ताणावर ठरते, म्हणून कात्री लावण्याआधी तुकडा ताणून पाहणे ही पहिली पायरी असते. जास्त ताण देणारी बाजू अंगाभोवती आडवी यावी, अशा दिशेने नमुना कापडावर ठेवतात.

छाती, कंबर आणि नितंब यांच्या जोडीला येथे आणखी एक माप लागते, ते खांद्यापासून दोन पायांमधून परत त्याच खांद्यापर्यंतचे. हे माप चुकले की सगळा पोशाख चुकला. ते कमी पडले तर खांदे दाबले जातात आणि पायाकडचा काप वर सरकतो. ते जास्त झाले तर कमरेजवळ घड्या पडतात. मुंढा खोल कापला तर हात वर करताना सगळा लिओटार्ड वर ओढला जातो, म्हणून मुंढा काखेजवळ घट्ट ठेवतात. शिवण झिगझॅग किंवा ओव्हरलॉकची हवी. साध्या सरळ टाक्याचा दोरा कापडाबरोबर ताणला जात नाही, पहिल्याच उडीत तो तुटतो.

येथे समीक्षेचा पहिला मुद्दा मिळतो. लिओटार्डचे खरे रूप शिंप्याच्या टेबलावर दिसत नाही. टेबलावरचा लिओटार्ड हा अर्धवट पोशाख असतो, तो अंगावर चढला आणि अंग हलले की पुरा होतो. दुकानातल्या हँगरवर पाहून त्याच्याबद्दल मत देणे म्हणजे तबला न वाजवता त्याच्या रंगावरून मत देण्यासारखे आहे.

४. सजावट आणि ताण : एक हिशेब

समजा, छातीवर एक गोल चक्र काढायचे आहे. आडवे माप ६३ वरून ७० सेंमी होते, म्हणजे सुमारे १.११ पट. उभे माप साधारण ५ टक्के कमी धरले असेल, तर अंगावर ते सुमारे १.०५ पट होते. कागदावर ९ सेंमी व्यासाचे अचूक वर्तुळ काढले, तर अंगावर ते सुमारे १० सेंमी रुंद आणि ९.५ सेंमी उंच, थोडे पसरट दिसेल. रेखाटन जाणीवपूर्वक उभट केले तरच अंगावर ते गोल येते. जाणकार रचनाकाराची चित्रे कागदावर थोडी विचित्र दिसतात, ती यामुळेच.

आता खड्यांचा हिशेब करू. ४ मिमीचे खडे एका ओळीत चिकटवायचे आहेत. दोन खड्यांत १ मिमी जागा सोडली, तर प्रत्येक ५ मिमीत फक्त १ मिमी कापड मोकळे उरते, कारण खड्याखालचे कापड गोंदाने बांधले गेले. अंगावर चढताना हे ५ मिमी सुमारे ५.५६ मिमी व्हायला हवेत. हा सगळा ताण त्या एका मोकळ्या मिलिमीटरवर येतो, म्हणजे ५० टक्क्यांहून अधिक. दोन खड्यांत ४ मिमी सोडले, तर ८ मिमीत ४ मिमी मोकळे उरतात आणि तोच ताण सुमारे २२ टक्क्यांवर येतो. हात डोक्यावर नेला की याच्यात आणखी भर पडते. दाट ओळीत एकतर खडे उडतात किंवा कापड आखडून चुण्या पडतात.

यावर कारागिरांनी शोधलेला उपाय सोपा आहे. लिओटार्ड पुतळ्यावर किंवा धडाच्या आकाराच्या फळीवर चढवून ताणायचा, मग खडे लावायचे. येथे कारचोबाची आठवण होईल. दोन्हीकडे कापड आधी ताणले जाते. फरक एवढाच की कारचोबावरची मखमल सुटल्यावरही तशीच राहते आणि होजिअरी आखडते. जरदोजी कारागिराला कापडाची एकच अवस्था सांभाळायची असते. लिओटार्डवर खडे लावणाऱ्याला पुतळ्यावरची, अंगावरची आणि उडीतली अशा तीन अवस्था सांभाळाव्या लागतात.

५. सजावटीची जागा : दांडा, दोर आणि जमीन

ताणाचा हिशेब जमला, तरी खडे कुठे लावायचे हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर खेळाच्या साधनांकडून मिळते. अनइव्हन बार्सवर मुलीच्या कमरेचा पुढचा भाग वारंवार दांड्यावर आदळतो. तेथे खडे असतील तर ते फुटतील आणि कातडीलाही लागतील. फ्लोअरवर कोलांटी पाठीवरून जाते, म्हणून मणक्यावरची खड्यांची रांग दिसायला सुंदर आणि लोळायला त्रासदायक असते. काखेत आणि मांड्यांच्या आत खडे घासतात. उरतात ते खांदे, गळ्याभोवतीचा भाग, छातीचा वरचा भाग आणि बाह्या. चांगल्या लिओटार्डची सजावट वर दाट आणि खाली विरळ होत गेलेली दिसते, तिच्यामागे सौंदर्याच्या आधी हे कारण आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी हाच मुद्दा दोरीच्या मल्लखांबावर तपासून पाहावा. २०१९ मध्ये मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि पुढे हा खेळ खेलो इंडिया युवा स्पर्धेतही आला. मुलींनाही आता मोठे व्यासपीठ मिळाले आहे, आणि त्यांच्या पोशाखात लिओटार्डचा वापर दिसतो. पण दोरावर शरीर तोलले जाते ते पायाच्या बोटांत, मांडीत आणि कमरेभोवती दोर आवळून. दोराचा वेढा बसणारी प्रत्येक जागा सजावटीला बंद आहे. शिवाय मांडीवर गुळगुळीत कापड आले की पकड बदलते, कारण कातडी दोर धरते आणि चकचकीत लायक्रा सरकते. त्यामुळे जिम्नॅस्टिक्सचा लिओटार्ड उचलून तसाच मल्लखांबाला आणला, तर तो नीट बेतलेला असूनही चुकीचा पोशाख ठरू शकतो. नमुना खेळाप्रमाणे बदलावा लागतो.

६. चमक कोणासाठी?

आता या समीक्षेतला वादाचा मुद्दा घेऊ. गेल्या काही ऑलिंपिकमध्ये मोठ्या देशांच्या लिओटार्डवरचे स्फटिक वाढत गेले आहेत. अमेरिकी संघाच्या पोशाखावर २०१६ च्या रिओ स्पर्धेत सुमारे ५ हजार स्फटिक असल्याचे आणि २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत ही संख्या १० हजारांच्या आसपास गेल्याचे वृत्तपत्रांनी छापले. प्रखर दिव्यांखाली आणि कॅमेऱ्यासमोर त्याचा परिणाम दिपवणारा होतो, हे मान्य करायला हवे. चमकणारा पोशाख घालण्यात मुलीला आनंद असतो, हेही खरे आहे. त्या आनंदाला हिणवणारी समीक्षा कोरडी असते.

तरीही एक फरक विसरू नका. महिला कलात्मक जिम्नॅस्टिक्सच्या नियमांत चमकेला गुण नाहीत. पोशाख नियमाबाहेर असेल तर गुण कापले जाऊ शकतात, सुंदर असेल तर वाढत नाहीत. रिओमध्ये दीपा कर्माकरने प्रोदुनोव्हा ही जोखमीची व्हॉल्ट मारली आणि १५.०६६ गुणांसह ती चौथी आली. कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकले. तिच्या त्या गुणांत प्रत्येक दशांश धावेतून, उड्डाणातून आणि जमिनीवरच्या ठेक्यातून आला. खड्यांचा त्यात वाटा नव्हता.

म्हणजे येथे रामनगरचे तर्कशास्त्र चुकीच्या जागी आले आहे. रामनगरात देह स्थिर असतो आणि चमक हलत्या ज्योतीची असते. जिम्नॅस्टिक्समध्ये देहच उसळतो, त्याची रेषा हीच पाहण्याची गोष्ट आहे. कापडभर पसरलेले स्फटिक त्या रेषेवर एक दुसरीच लखलख पसरवतात. डोळा वळणाऱ्या मणक्याऐवजी ठिणग्यांकडे जातो. मोजके खडे मुंढ्यापासून मनगटापर्यंत एका रेषेत उतरले, तर हात फिरताना ती रेषा फिरते आणि प्रेक्षकाला हालचाल अधिक स्पष्ट दिसते. पहिल्या प्रकारची सजावट खेळाडूला मूर्ती बनवते, दुसऱ्या प्रकारची तिचे काम दाखवते. मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूचा आहे. या चढाओढीचा भार अखेर लहान गावातल्या पालकांवर येतो, हेही त्याचे एक कारण आहे. वरच्या पातळीवर चमक हाच मापदंड झाला, की जिल्हा स्पर्धेतली साधा लिओटार्ड घातलेली मुलगी मैदानात उतरण्यापूर्वीच स्वतःला कमी समजू लागते.

७. झाकणे, न झाकणे आणि निवड

पोशाखावरचा सगळ्यात नाजूक प्रश्न खड्यांचा नाही, पायाकडच्या कापाचा आहे. नियम सांगतात की हा काप कमरेच्या हाडाच्या वर जाऊ नये आणि धडावरचे कापड पारदर्शक नसावे. पाय पूर्ण झाकणारा पोशाखही नियमात बसतो. तरीही वर्षानुवर्षे जवळजवळ सगळ्या मुली उंच कापाचाच लिओटार्ड घालत आल्या. नियमाने परवानगी दिली होती, रिवाजाने दिली नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये बासेल येथील युरोपीय स्पर्धेत जर्मनीची सारा फॉस घोट्यापर्यंत पाय झाकणाऱ्या पोशाखात उतरली. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत जर्मनीचा चौघींचा सगळा संघ तशाच पोशाखात आला. ज्या पोशाखात आपल्याला मोकळे वाटते तो निवडता यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २०२३ मध्ये ब्रिटनच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेने मुलींना लिओटार्डवर शॉर्ट्स घालण्याची मुभा दिली.

आपल्याकडे हा प्रश्न दोन दिशांनी चुकीचा सोडवला जातो. एक बाजू म्हणते, ‘जगात हेच घालतात, लाजायचे काय?’ दुसरी म्हणते, ‘चांगल्या घरच्या मुलीने असले घालू नये’, आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी खेळ सोडून घरी बसते. दोन्ही बाजूंनी मुलीला विचारलेले नसते. रामनगरचे स्वरूप स्वतःचा मुकुट निवडत नाही, कारण तेथे देवत्वाचा शृंगार परंपरेने ठरलेला आहे. खेळाडूची गोष्ट वेगळी आहे. जोखीम तिची, पडणे तिचे, गुणही तिचे. म्हणून पोशाखातही तिचा शब्द असायला हवा.

ही फक्त विचारांची गोष्ट नाही, बेतण्याचीही आहे. पाय झाकायचा म्हणजे उंच कापाच्या नमुन्याला खाली नळ्या जोडायच्या, असे नाही. तसे केले तर गुडघा वाकवताना कापड कमरेकडून ओढले जाते. पायाच्या लांबीत ताण मोजून धरावा लागतो, जोड मांडीच्या आतल्या बाजूला घासणार नाही अशा जागी आणावा लागतो आणि दोन पायांमध्ये कळी घालावी लागते. निवडीचे स्वातंत्र्य मुलीला खरोखर द्यायचे असेल, तर दोन्ही नमुने सारख्याच कौशल्याने बेतलेले हवेत. एक सुबक आणि दुसरा बेढब असेल, तर निवड नावापुरतीच उरते.

८. समारोप

सजवलेला पोशाख समोर आला की आपण चार प्रश्न विचारू शकतो. हा घालून शरीराला काय करायचे आहे? कापड ते करू देते का? सजावट त्या कामाची रेषा दाखवते की झाकते? आणि हा पोशाख कोणी निवडला? रामनगरचा पोशाख पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे निर्विवाद देतो आणि चौथ्याचे उत्तर परंपरेवर सोपवतो. लिओटार्डला चारही उत्तरे द्यावी लागतात. ज्या लिओटार्डमध्ये मुलगी उडी मारताना एकदाही कापड खाली ओढत नाही, तो यशस्वी. त्यावर दहा खडे असोत वा हजार.

स्वाध्याय

१. जुन्या होजिअरी टी-शर्टचा तुकडा घ्या. त्यावर ९ सेंमी व्यासाचे वर्तुळ काढा. तुकडा आडवा ताणून त्याची रुंदी १० सेंमी करा आणि उंचीत काय बदल होतो ते मोजून नोंदवा.

२. त्याच तुकड्यावर टिकल्यांच्या दोन ओळी चिकटवा, एक दाट आणि एक विरळ. कापड वीस वेळा ताणा. कोणत्या ओळीतल्या टिकल्या आधी सुटतात? कारण लिहा.

३. तुमच्या भागातील एका पारंपरिक नृत्याचा किंवा नाट्याचा पोशाख निवडा. समारोपातील चार प्रश्नांच्या आधारे त्याची समीक्षा सुमारे ३०० शब्दांत करा.

४. ‘परवानगी नियमात असते, पण रिवाजात नसते.’ या विधानाची लिओटार्डच्या संदर्भात चर्चा करा आणि दुसऱ्या एखाद्या खेळातील उदाहरण द्या.